अहवाल माझा, निष्कर्ष त्यांचा

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका ३१ वर्षांची वास्तू-इतिहासकार आहे. आर्किटेक्चरची पदवी, मग जतनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. गेली चार वर्षं ती एका सल्लागार कंपनीत भुयारी रेल्वेच्या प्रकल्पावर काम करते. मार्गालगतच्या जुन्या इमारती शोधायच्या, त्यांचा इतिहास लिहायचा, कामाचा त्यांच्यावर काय परिणाम होईल ते सांगायचं. (शहर, प्रकल्प, कंपनी यांची नावं गाळली आहेत.) एका स्टेशनच्या प्रवेशद्वारासाठी तीन मजली, लाकडी जिन्याची चाळ पाडायची आहे. वारसा यादीत तिचं नाव नाही. पत्रलेखिकेने सात महिने खपून १४० पानी अहवाल दिला. अंतिम मसुद्यात त्याचा एक परिच्छेद उरला आणि शेवटी वाक्य आलं : 'कोणत्याही वारसा वास्तूवर लक्षणीय परिणाम होत नाही.' त्याखाली तिने सही करावी असा आग्रह आहे, मुदत दोन आठवड्यांची. कॉलेजातले सर म्हणतात, 'तू सही विकलीस.' साइटवरचे इंजिनियर म्हणतात, 'मॅडम आल्या, आता काम अडणार.' चाळीतल्या एक आजी म्हणाल्या, 'पोरी, हे वाचवू नकोस गं. आम्हाला संडास घरात हवाय.' एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवण्याची संधी आली आहे. तिचा प्रश्न : 'ताई, मी वाचवायला आले होते. एकही वास्तू वाचवली नाही. मग चार वर्षं मी काय केलं? सही करू, की राजीनामा देऊ?'

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा अहोजाहो बाजूला ठेवते. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले, कारण त्यात तीन-चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि तू सगळ्यांना मिळून एकच उत्तर शोधते आहेस : राहू की जाऊ.

मुदत सहीला आहे, म्हणून आधी सहीचं बोलू.

ते वाक्य जसंच्या तसं राहणार असेल तर त्याखाली सही करू नकोस. कायद्याच्या चौकटीत ते कदाचित टिकेलही. यादीत नाव नसलेली इमारत कागदावर 'वारसा वास्तू' ठरतच नाही, मग तिच्यावर परिणाम कसला? पण यादी कोणीही वाचू शकतं. तुला नेमलंय ते जागेवर जाऊन पाहायला, आणि तू जे पाहिलंस त्याच्या उलट ते वाक्य सांगतं.

मात्र सही न करणं आणि राजीनामा देणं या दोन गोष्टी तू एकच धरल्या आहेस. त्यांच्यामधे बरीच जागा आहे. वरिष्ठांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, पर्यायी मजकूर घेऊन जा. साधारण असा : 'वारसा यादीतील वास्तूंवर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही. यादीत नसलेली, परंतु स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची एक चाळ या कामात पूर्णपणे पाडली जाईल. पाडकामापूर्वी तिची मोजणी, छायाचित्रण आणि रहिवाशांच्या मुलाखती पूर्ण कराव्यात. मूळ अहवाल परिशिष्टात जोडला आहे.' चार वाक्यं झाली आणि त्यांनी प्रकल्प अडत नाही. माझा अनुभव असा, की वरच्या माणसाला खोटं लिहायची हौस नसते. 'परिणाम' हा शब्द दिसला की कोणीतरी कोर्टात जाईल आणि काम थांबेल, ही त्याची धास्ती असते. त्या धास्तीला उत्तर दिलंस तर वाक्य बदलायला तो बहुधा तयार होतो.

आणखी एक गोष्ट तपास. प्रकल्पाला कर्ज कोणाचं आहे? आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग येत नाहीत, त्यामुळे वारशाचा अभ्यास बऱ्याचदा होतो तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या अटींमुळे. त्या अटी आपल्या यादीपेक्षा रुंद असतात. जागतिक बँकेच्या सांस्कृतिक वारशाच्या मानकात तर स्पष्ट आहे, की कायद्याचं संरक्षण असो वा नसो, वारसा विचारात घ्यावाच लागतो. तुझ्या प्रकल्पाला अशी अट लागू असेल तर ते कलम मजकुराबरोबर समोर ठेव. मग तुझ्या म्हणण्याला केवळ तुझ्या मताचा आधार राहत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल पाठव. 'आज बोलणं झालं त्याप्रमाणे सुधारित मजकूर जोडत आहे', एवढंच. रागाचा एकही शब्द नको. तरीही नाहीच ऐकलं, तर अहवालावरून तुझं नाव काढावं असं लेखी कळव. याची किंमत मोजावी लागेल हे मी लपवत नाही. बढती लांबेल, पुढच्या कामाला तुला कदाचित विचारणार नाहीत. आणि एक सावधगिरी : रागाच्या भरात मूळ अहवाल कुणा पत्रकाराच्या हाती देऊ नकोस. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम आधी वकिलाला दाखव. जो सरकारी कागद माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येतो, त्याच्यासाठी तू नोकरी पणाला लावायची गरज नाही.

आता त्या एका शब्दाकडे येते. 'वाचवणं.' तुझ्या पत्रात तो इतक्यांदा आलाय की शेवटी मी त्याच्याखाली रेघा ओढणं सोडून दिलं.

मुंबईच्या फोर्टमध्ये तू फिरली असशील. नावात किल्ला आहे आणि किल्ला कुठेच नाही. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तिथली तटबंदी पाडली. जिथे चर्चगेट नावाचा दरवाजा होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तट गेल्यावर जी जागा मोकळी झाली तिच्यावर हायकोर्ट आलं, विद्यापीठ आलं. बोरीबंदरला एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यावर १८७८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्यावरचं कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांचं. २००४ मध्ये ते स्टेशन जागतिक वारसा झालं. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींनाही तोच मान मिळाला. ज्या वास्तूंसाठी आज आपण जीव टाकतो त्यातल्या कितीतरी आधीचं काहीतरी पाडून उभ्या राहिल्या, आणि त्यातली सगळ्यात देखणी वास्तू म्हणजे सार्वजनिक वाहतुकीचंच एक बांधकाम.

हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो, कारण 'पाडल्याशिवाय नवं होत नाही' हे वाक्य ठेकेदारांच्या तोंडी मी अनेकदा ऐकलंय आणि ते मला मान्य नाही. मला दाखवायचंय ते वेगळंच. तट पाडण्याआधीचे नकाशे आणि छायाचित्रं शिल्लक आहेत, म्हणून आज कोणीही रस्त्यावर उभं राहून सांगू शकतं की इथे दरवाजा होता, इथे खंदक. उलट त्याच फ्लोरा फाउंटनपाशी काही वर्षांपूर्वी काम निघालं तेव्हा डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. शेवटच्या ट्राममधून उतरलेली माणसं अजून हयात होती, तरी आपल्या पायाखाली काय गाडलंय हे शहर विसरून गेलं होतं. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर एक वेळ समजलं असतं.

तेव्हा 'मी काय केलं' याचं माप बदलून बघ. आपल्या कामात पाडकाम थांबवणं क्वचित जमतं. मार्ग सरकवणं कधीकधी जमतं, पण त्यासाठी फार लवकर यावं लागतं. नोंद करणं मात्र प्रत्येक वेळी आपल्या हातात असतं, आणि तू नेमकी तीच गोष्ट कमी लेखतेस.

सरकवण्याचं उदाहरण पुण्यात आहे. वनाज ते रामवाडी मेट्रोची आखणी आधी नगर रस्त्याने, आगाखान पॅलेससमोरून जात होती. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यामुळे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. शेवटी मार्ग कल्याणीनगरातून वळवावा लागला. तिथे कायदा होता, आणि खांब उभे राहायच्या आधी तो लागू झाला. तू कधी आलीस? पत्रातल्या तारखा जुळवून पाहिल्या तर आखणी पक्की होऊन, जमिनीच्या नोटिसा निघाल्यानंतर. स्टेशनचं दार कुठे उघडणार हे ठरून गेल्यावर तुला बोलावलं, आणि दार का हललं नाही म्हणून तू स्वतःला नापास करते आहेस. हे माप तुझ्यावर अन्याय करणारं आहे.

कायद्याच्या पलीकडे काय राहतं ते कोलकात्यात दिसलं. तिथल्या पूर्व-पश्चिम मेट्रोला करन्सी बिल्डिंग आणि दोन सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) या संरक्षित स्मारकांजवळून जायला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागली. ते रीतसर झालं. मग २०१९ मध्ये बहूबाजारात बोगदा खणताना पाणी शिरलं, जमीन खचली, घरांना तडे गेले आणि कुटुंबांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. ती स्मारकं नव्हती, राहती जुनी घरं होती. तुझ्या चाळीच्या जातीची.

म्हणून आता आजींकडे.

त्यांचं वाक्य तू पराभवासारखं लिहिलंयस. मला ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं, आणि माझी शंका अशी की ते अहवालाच्या १४० पानांत नसेलच. आहे का? गॅलरीच्या टोकाला चार बिऱ्हाडांत एक संडास, पहाटे चारला येणारं पाणी, पागडीचं भाडं इतकं थोडं की मालक दुरुस्ती करत नाही, आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी कर भरणारी) इमारत म्हणून सरकारने टेकू लावून ठेवलेले. हाही त्या वास्तूचा इतिहास आहे. लाकडी कठड्याची नक्षी तू दोन पानं भरून लिहिलीस असं म्हणतेस. त्या कठड्याला टेकून पाण्याची वाट पाहणाऱ्या बाईसाठी दोन ओळी ठेवल्या असशील, अशी आशा करते.

पण आजींच्या तोंडी नसलेलंही त्यांच्या नावावर घालू नकोस. त्यांनी संडास मागितला. आमचे फोटो काढू नका, आमचा जिना मोजू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. मजल्यावरचे शेजारी शहराच्या चार टोकांना पाठवा असंही म्हणाल्या नाहीत. परत जा आणि नीट विचार. नवी घरं कुठे मिळणार आहेत? एका मजल्यावरची कुटुंबं एकत्र राहावीत असं त्यांना वाटतं का? चौकातल्या गणपतीचं काय? तळमजल्यावर खानावळ होती असं तू लिहिलंस, तिथे कोण जेवायला यायचं? गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्या चाळीचं महत्त्व एखाद्या खांबात किंवा महिरपीत शोधायला गेलं तर सापडणार नाही, ते चौकात आहे. तुझ्या चाळीत ते कुठे आहे हे रहिवासीच सांगतील, आणि त्यातून पुनर्वसनासाठी एक-दोन नेमक्या शिफारशी निघतील. इतिहासकाराने पुनर्वसनावर बोलू नये असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही.

मुंबईत २०१८ मध्ये पारशी समाजातले काही जण उच्च न्यायालयात गेले, कारण भुयारी मेट्रोचा बोगदा त्यांच्या दोन आतश बेहरामांच्या, म्हणजे अग्निमंदिरांच्या खालून जाणार होता. त्यांची काळजी तड्यांपुरती नव्हती. पवित्र अग्नीचं जमिनीशी आणि तिथल्या विहिरीच्या पाण्याशी असलेलं नातं तुटेल, हे त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने शेवटी काम होऊ दिलं, आणि बोगदा थोडा बाजूला सरकवण्याचं ठरलं. मला त्यातून एकच घ्यायचंय : जमीन किती मिलिमीटर खचेल या आकड्यात अशा काळजीला उत्तर नसतं. ती आधी ऐकून अहवालात लिहिणारं माणूस लागतं. ते माणूस तू आहेस.

आता तुझ्या अहवालाबद्दल थोडं कठोर बोलते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तुझ्या वयाची होते तेव्हा एका स्टेशनातला जुना पादचारी पूल काढायचा होता. बिडाचे खांब, माथ्यावर पानांची नक्षी, आणि एका खांबाच्या पायाशी तळहाताएवढी ओतीव पाटी : कारखान्याचं नाव, गाव, साल. रंगाचे इतके थर चढले होते की मी ती अक्षरं आधी बोटांनी वाचली, मग डोळ्यांनी. अहवालात लिहिलं, की दोन खांब आणि पाटी जपावी. अहवाल मंजूर झाला, बैठकीत कौतुकही झालं. रविवारी ब्लॉक होता, म्हणजे कामासाठी गाड्या बंद. सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा गर्डर गॅसकटरने कापून झाले होते आणि बिडाचे खांब घणाने फोडून ट्रकमध्ये भरले होते. मुकादमाला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, 'मॅडम, मला कुणी सांगितलंच नाही. माझ्या कागदात फक्त वजन आहे.' त्याने कागद दाखवला. भंगाराचा टनाला भाव, बास. माझी पाटी त्या टनांतले एखाद-दोन किलो होती. पाटीचा मी काढलेला एक धूसर फोटो तेवढा माझ्याकडे आहे, आणि त्यातलं साल वाचता येत नाही.

त्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली. अहवाल शेल्फवर जातो, ठेकेदार बीओक्यू वाचतो, म्हणजे निविदेतली कामांची, नगांची आणि दरांची यादी. जे बीओक्यूमध्ये ओळ म्हणून आलं, ज्याला नग आहे आणि दर आहे, ते होतं. 'लाकडी जिना, भागांवर क्रमांक घालून सुटा करणे, वाहतूक व साठवण : नग १' अशी एक ओळ तुझ्या चाळीच्या पाडकामाच्या निविदेत घालता आली, तर ती तुझ्या सात महिन्यांच्या कामाचा उपयोग करेल. निविदा निघाली नसेल तर अजून वेळ आहे, हे लगेच विचारून घे. साठवण कुठे, हेही त्याच ओळीत लिही, नाहीतर जिना पावसात पडून राहतो. नव्या स्टेशनच्या आत त्यातला एक टप्पा बसवता येईल का, हे स्टेशनच्या आर्किटेक्टला विचारायला पैसे पडत नाहीत. भायखळ्याचं जुनं स्टेशन, गाड्या आणि गर्दी चालू असताना, जतन केलं गेलं आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. चालू वाहतुकीत हे करता येतं.

इंजिनियरांचं म्हणशील तर त्यांना शत्रू मानणं मला पटत नाही. आपणही त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत नाही. आपण लिहितो 'अत्यंत नाजूक', 'अमूल्य ठेवा'. त्यांना आकडा लागतो. डीआयएन ४१५० हे कंपनांचं जर्मन मानक त्यांना माहीत असतं. त्यात कमी वारंवारितेच्या, म्हणजे १० हर्ट्झच्या आतल्या कंपनांसाठी राहत्या घरांच्या पायाशी सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा आहे आणि नाजूक जुन्या वास्तूंसाठी ३. कोणती इमारत ५ मध्ये जाईल आणि कोणती ३ मध्ये, हे सांगायला तुझी गरज आहे, कारण चुन्याचा दर्जा आणि भिंतीतल्या लाकडाची अवस्था तू जाणतेस. पाडायच्या चाळीवर तुझं सगळं लक्ष गेलंय, पण तिच्या शेजारच्या चार इमारती उभ्याच राहणार आहेत ना? बोगद्यापेक्षा स्टेशनचा उघडा खड्डा मला जास्त भीतीदायक वाटतो. खड्ड्यातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळी उतरते आणि जुने, उथळ पाये बसायला लागतात.

त्या इमारतींची आजची अवस्था आजच नोंदवून ठेव. तड्यावर चुन्याने काचेची पट्टी चिकटवायची आणि तारीख लिहायची, ही आपली जुनी रीत अजून उत्तम आहे. यंत्रं खोकी भरून आकडे देतात, पण पट्टी तडकली की घरातली बाईच फोन करते. २०१७ मध्ये दादाभाई नौरोजी रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या माथ्यावरचा दगडी तुकडा कोसळला. तेव्हा त्या भागात भुयारी मेट्रोचं काम सुरू होतं, आणि कंपनांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी आधीची नोंद असली तर वाद तारखांवर होतो, नसली तर नुसता आवाजावर. आणि तडे बुजवायची वेळ आली तर सिमेंट भरू देऊ नकोस. चुन्याच्या भिंतीत सिमेंटने ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांनी शेजारचा भाग पोपडे धरतो. दुरुस्ती चुन्यातच होईल, अशीही ओळ बीओक्यूमध्ये घाल.

सरांचं वाक्य तुला लागलंय, ते कळतं. त्यांच्या पिढीने रस्त्यावर, वर्तमानपत्रांत, कोर्टात भांडून मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली मिळवली. देशातली अशी ती पहिली. आज तू ज्या यादीला अपुरी म्हणतेस ती यादी असणंच त्यांची कमाई आहे, म्हणून त्यांना सहीचा इतका राग. त्यांच्याशी फोनवर वाद घालू नकोस. त्यांना चाळीत घेऊन जा, आजींच्या घरी चहा प्यायला बसव. सर बोलतील, आजी बोलतील, तू ऐक आणि लिहून घे.

नोकरीचं. कॉलेजातली जागा कायम आहे की तासिका तत्त्वावर, हे तू लिहिलेलं नाहीस. तासिका तत्त्वावर असेल तर महिन्याचा हिशोब कागदावर मांड, घरचे हप्ते धरून. शिकवणं ही पळवाट आहे असं मी मानत नाही. ज्यांनी तुला शिकवलं त्यांच्यामुळेच तू त्या वाक्यापाशी थांबलीस. पण या दोन आठवड्यांत, सहीच्या रागात, तो निर्णय घेऊ नकोस. मला विचारशील तर आणखी एक वर्ष थांब आणि त्या वर्षात एकच गोष्ट माग : पुढचं काम डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावरचं, जिथे मार्ग अजून नकाशावर पेन्सिलीने काढलेला असतो आणि दोन-तीन पर्याय समोर असतात. तिथे तुझं एक पान या १४० पानांपेक्षा जास्त काम करेल. कंपनी ते द्यायला तयार नसेल तर जूनमध्ये कॉलेजात जा, आणि जाताना मनात किंतु ठेवू नकोस. आठवड्यातून एक दिवस पाहुणी म्हणून शिकवता येतंय का, हेही विचारून ठेव. विद्यार्थ्यांना बीओक्यू शिकवणारं कोणी नसतं.

तुझ्यासारखी आणखी काही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांनाही इथेच दोन शब्द. पुलांवर काम करणाऱ्यांनी ब्लॉकची तारीख जाहीर व्हायच्या आधी जाऊन मोजमाप उरकावं. मुंबईचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये उतरला, तिथे मोजपट्टी काढायला नंतर कोणाला फुरसत मिळणार? विदर्भातून एकाने शकुंतला या छोट्या रुळांच्या रेल्वेच्या स्टेशनांबद्दल विचारलंय आणि सोलापूरहून एकीने १८९७ ला सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या खुणांबद्दल. तुमच्याकडे कंपनी नाही, अहवाल नाही, सहीचा पेच नाही. पण गार्ड, पॉइंट्समन, स्टेशनातला चहावाला अजून भेटतात. त्यांची सगळी बोलणी फोनवर रेकॉर्ड करून, त्यांच्या संमतीने, जिल्ह्याच्या ग्रंथालयात एक प्रत द्या. शकुंतलेचे रूळ रुंद होतील, ते व्हायलाच हवेत, गावांना गाडी हवी आहे.

आणि तू, हे पत्र वाचून झालं की आधी तो चार वाक्यांचा मजकूर टाइप कर. मग रविवारी चाळीत जा, मोजपट्टी आणि एखादी मदतनीस घेऊन. जिना मोजशील तेव्हा उंची-रुंदीवर थांबू नकोस, प्रत्येक पायरीची झीज मोज, डावीकडे किती, उजवीकडे किती, मधे किती. जिन्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असेल. का, ते आजींना विचार. पाण्याची कळशी कोणत्या हातात असायची आणि कठडा कोणत्या हाताने धरायच्या, हे त्या सांगतील.